चौकशीची फाईल नेमकी कुणाला दिसते?

येरळाकाठची | ३ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:४०

दिवाळीला गावी आलेय. तासगाव तालुका, येरळेच्या काठचं गाव. राजकारणावर मी इथे सहसा लिहीत नाही, पण गेल्या मंगळवारी घरात जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय.

२९ ऑक्टोबरला तासगावात अजितदादांची सभा झाली. क्लिप बहुतेकांनी पाहिली असेल. दादा म्हणाले, सिंचनाच्या ७० हजार कोटींच्या आरोपांवर आपली उघड चौकशी व्हावी म्हणून गृहमंत्री असताना आर. आर. आबांनी फाईलवर सही केली होती. आणि सरकार बदलल्यावर नव्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे फडणवीसांनी, आपल्याला बोलावून ती सही दाखवली. 'केसाने गळा कापला' हे शब्द त्याच भाषणातले. पुढे टीव्हीवर एकच चर्चा, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का. आबांचं अंजनी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे इथली माणसं दुखावली हे खरंच.

अण्णांना (माझे वडील, वय ७४) मात्र तिसरंच लागलं. चिवड्यासाठी बेदाणा निवडत बसले होते. क्लिप दोनदा ऐकली. मग ताट बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे ज्याची चौकशी करायची त्यालाच बोलावून फाईल दाखवली? आणि मला गं? मला साधी झेरॉक्स मिळंना झालीय."

अण्णांची गोष्ट अशी. बेदाण्याचे आणि थोडे आईच्या दागिन्यांचे मिळून ४ लाख ८० हजार रुपये एका पतसंस्थेत होते. नाव लिहीत नाही. अध्यक्ष पुढारी, संचालक त्यांच्याच भावकीतले. २०१५ मध्ये काउंटरवर "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. २०१७ मध्ये सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी लागली. चार अधिकारी बदलले. २०१९ मध्ये जबाबदारी निश्चित झाल्याचा आदेश निघाला, गावात पेढे वाटायचेच बाकी होते. पंधरा दिवसांत त्यावर अपील आणि स्थगिती. तेव्हापासून अण्णा दरवर्षी माहिती अधिकारात त्या आदेशाची आणि चौकशी अहवालाची प्रत मागतात. दरवर्षी एकच उत्तर येतं, 'मूळ संचिका अपिलाच्या सुनावणीकामी मंत्रालयात सादर केली असल्याने प्रत देता येत नाही.'

माझा प्रश्न सोपा आहे. राजकीय हस्तक्षेप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फोन येतो, "सोडा त्याला" वगैरे. प्रत्यक्षात हस्तक्षेप असतो कसा? फाईल ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे चालत जाते आणि ज्याचे पैसे गेलेत त्याच्यापासून लांब पळते, हे नेमकं कुठल्या टेबलावर ठरतं? आतून पाहिलेल्यांनी लिहावं.

---

माणदेशी | ३ नोव्हेंबर, ११:०५

ताई, टेबलावर न्हाई, टेबलाखाली ठरतं. म्हसवडातनं हजेरी. वाचतोय.

---

हळदीचा_भाव | ३ नोव्हेंबर, ११:२०

अण्णांना साष्टांग. एवढ्या चॅनेलांवर एवढे संपादक बसलेत, पण हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नाही.

---

संपादक मंडळ | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

आचारसंहिता चालू आहे. कुणाला मत द्या, देऊ नका असे प्रतिसाद उडवले जातील. धाग्याचा विषय चौकशी हा आहे, उमेदवार नव्हे.

---

जमाखर्च | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सहकार खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बहुतेक सांगली आणि साताऱ्यात. लेखापरीक्षक म्हणून लागलो, निवृत्त झालो तेव्हाही हातात लाल पेनच होतं. आतून पाहिलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. लांबेल, माफ करा.

"चौकशी थांबवा" असा मंत्र्याचा फोन मला एकदाही आला नाही. फोन आला तो एकदाच, एका संचालकाच्या मेव्हण्याचा, आणि त्यालाही मी काय करायला हवं ते नीट सांगता येत नव्हतं. थांबवायला फोन लागतच नाही, त्यासाठी नियम आहेत.

क्रम असा असतो. कलम ८१ खाली लेखापरीक्षण होतं. त्यात घोळ निघाला की कलम ८३ ची चौकशी, म्हणजे काय झालं ते शोधणं. मग कलम ८८, म्हणजे कुणामुळे झालं, किती नुकसान झालं आणि ते कुणाकडून वसूल करायचं. कायद्यात ८८ साठी दोन वर्षांची मुदत आहे, वर सहा महिने वाढवून मिळतात. वाचायला छान आहे.

आता प्रत्यक्ष. चौकशी अधिकारी नेमला जातो तो त्याचं रोजचं काम सांभाळून. त्याला वेगळा कारकून नाही, टंकलेखक नाही, गाडी नाही. दप्तर मागायला गेला तर सचिव सांगतो पोलिसांनी नेलं, पोलीस सांगतात ऑडिटरकडे आहे, ऑडिटर सांगतो पावती बघा. यात सात-आठ महिने जातात. मग नियम ७२ च्या नोटिसा. वीस संचालक, वीस वकील, प्रत्येकाला मुदत हवी. तेवढ्यात मे महिना येतो, बदल्यांचा. नवा अधिकारी आला की पहिला वकील उभा राहतो, "साहेब, आधीच्या साहेबांसमोर आमचं म्हणणं पूर्ण झालं नव्हतं, नैसर्गिक न्यायाचा प्रश्न आहे." पुन्हा पहिल्यापासून. ज्याला चौकशी मारायची आहे त्याला फक्त दोन मे महिने पदरात पाडून घ्यायचे असतात, आणि बदली ही शिक्षा दिसतही नाही. माणसाला गावाजवळ दिली तर तो आभारच मानतो. मला दिली होती.

तरीही एखादा हट्टी अधिकारी आदेश काढतो. त्याच्यावर कलम १५२ खाली अपील. आदेश कुणी काढला यावर ते कुणापुढे जाणार हे ठरतं, पण पुष्कळ अपिलं शासनाकडे, म्हणजे मंत्र्यांपुढे जातात. मंत्री तिथे अर्धन्यायिक अधिकारी असतात. म्हणजे न्यायाधीशासारखे. ज्यांच्या व्यासपीठावर अपीलकर्ता काल हार घेऊन उभा होता, त्यांच्यासमोर आज हात जोडून उभा असतो. स्थगिती पहिल्याच दिवशी मिळते, सुनावणीची तारीख मिळत नाही. मिळाली तर अधिवेशन असतं. सुनावणी पूर्ण झाली आणि प्रकरण निकालासाठी ठेवलं, तर सरकार बदलतं. नवे मंत्री, नवी सुनावणी. यात बेकायदा एकही गोष्ट नाही, ताई. कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

आता एक गोष्ट, जी मी घरात सोडून कुठे बोललो नाही. गावाजवळच्या त्या बदलीच्या वेळी मी एका चौकशीचा चार्ज दिला. दप्तरात बत्तीस रजिस्टरं होती. चार्ज यादीत मी एकतीस लिहिली. कर्जरोख्यांचं रजिस्टर लिहिलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त दोन दिवस आधी एक जण घरी येऊन चहा पिऊन गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "ते मोठं रजिस्टर राहू द्या, वाहून न्यायला जड आहे." रजिस्टर नंतर सापडलं नाही. एक पैसाही घेतला नाही, पण म्हणून काय झालं.

---

हळदीचा_भाव | ४ नोव्हेंबर, १:५२

…

यावर काय लिहायचं, काका.

---

मिरज_कोर्टाबाहेर | ४ नोव्हेंबर, संध्या. ७:१५

काकांनी सहकार सांगितला, मी फौजदारी बाजू सांगतो. वकील आहे, त्यामुळे पाल्हाळ लागणारच.

धागाकर्तीच्या वडिलांचा प्रश्न कायद्यातही तितकाच धारदार आहे. मंत्री पदाबरोबर गोपनीयतेचीही शपथ घेतो, राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत तिचा मजकूर आहे. मंत्री म्हणून समोर आलेली बाब कर्तव्यासाठी आवश्यक असल्याशिवाय कुणाला कळवणार नाही, असा तिचा अर्थ. ज्याच्या चौकशीचा प्रस्ताव आहे त्याला ती सही दाखवणं कुठल्या कर्तव्यात बसतं? (खरंच दाखवली का, हे ते दोघे जाणोत. दादांनी जाहीर सभेत सांगितलं, एवढंच आपल्यासमोर आहे.) गंमत अशी की ही शपथ मोडली तर शिक्षा काय, हे त्या अनुसूचीत लिहिलेलं नाही.

दुसरं, 'उघड चौकशी' म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नाही. आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात (एसीबी) तक्रार आली की आधी गोपनीय चौकशी होते. तथ्य दिसलं की उघड चौकशी, म्हणजे जबाब, कागद, मालमत्ता. मोठ्या माणसाची उघड चौकशी करायची तर शासनाची परवानगी लागते. एसीबी गृहखात्याखाली. म्हणजे सरकारमधल्या माणसाची चौकशी करायला सरकारनेच हो म्हणायचं. त्यात २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम आलं. सरकारी माणसाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी मंजुरी घ्या. रंगेहाथ सापळ्याला मात्र मंजुरी लागत नाही. म्हणजे तलाठी ५ हजार घेताना सापडला तर लगेच आत, आणि ५०० कोटींच्या टेंडरची सही असेल तर आधी पत्रव्यवहार. पेपरात रोज तलाठीच का दिसतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दिल्लीतही वेगळं काही नाही. हवाला प्रकरणात, विनीत नारायण खटल्यात, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सीबीआय संचालकाला किमान दोन वर्षं हलवू नका म्हटलं, आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या चौकशीला आधी परवानगी घ्या हा सरकारी आदेश रद्द केला. २००३ मध्ये तीच अट कायद्यात घालून परत आणली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही रद्द केली. चार वर्षांत १७-अ आलं. पुढच्या दाराने हाकललेलं मांजर मागच्या दाराने. मधल्या काळात २०१३ चं कोळसा प्रकरण. सीबीआयने कोर्टात द्यायचा अहवाल आधी कायदामंत्री अश्वनीकुमार यांनी पाहिला, त्यात बदल झाले, हे उघडकीला आलं. 'पिंजऱ्यातला पोपट' हे शब्द कोर्टाने तेव्हाच वापरले. मंत्र्यांना जावं लागलं. म्हणजे फाईल ज्याने पाहू नये त्याने पाहिली म्हणून या देशात एकदा तरी राजीनामा झालाय.

---

कोरेगावकर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

साताऱ्याचं नाव निघायचं राहिलं होतं, मी काढतो. जरंडेश्वर.

आमच्या लहानपणी जरंडेश्वर म्हणजे डोंगरावरचा मारुती. आता दिल्ली-मुंबईच्या बातम्यांत जरंडेश्वर म्हणजे चिमणगावचा कारखाना. शालिनीताई पाटलांनी उभा केलेला, सभासदांच्या शेअर्समधून. माझ्या आजोबांचा शेअर होता, दाखला अजून ट्रंकेत आहे. कर्ज थकलं म्हणून २०१० मध्ये राज्य सहकारी बँकेने लिलाव केला, ६५ कोटी ७५ लाखांना एका खाजगी कंपनीने घेतला आणि दुसऱ्या खाजगी कंपनीला चालवायला दिला. जुलै २०२१ मध्ये ईडीने जप्ती आणली. चालवणाऱ्या कंपनीचे धागे अजित पवारांशी संबंधित कंपनीपर्यंत जातात, हे ईडीचं म्हणणं. दादांनी गैरव्यवहाराचे आरोप कायम फेटाळले. २०२३ च्या ईडीच्या आरोपपत्रात आरोपी म्हणून त्यांचं नावही नव्हतं. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी अंगावर यायचं.

मला बोलायचंय ते तारखांबद्दल. शिखर बँकेच्या, म्हणजे याच राज्य सहकारी बँकेच्या, एकूण प्रकरणात मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला ऑगस्ट २०१९ मध्ये, तोही हायकोर्टाने सांगितलं तेव्हा. २०२० मध्ये, दादा उपमुख्यमंत्री असताना, त्याच शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये सरकार बदललं, शाखा कोर्टात म्हणाली पुढे तपास करायचाय. जुलै २०२३ मध्ये दादा त्या सरकारात गेले. जानेवारी २०२४ मध्ये परत बंदचा अहवाल.

कागद तेच, साक्षीदार तेच, बँक तीच. तपास अधिकाऱ्याला २०२० मध्ये जे दिसलं नाही ते २०२२ मध्ये दिसायला लागलं आणि २०२४ मध्ये पुन्हा दिसेनासं झालं. दादा निर्दोष असतील तर २०२२ मध्ये त्यांच्यावर अन्याय झाला. नसतील तर आमच्यावर दोनदा झाला. दोन्हींत तपास करणारा माणूस मोकळा.

आणि बंद करण्यापेक्षा बंद-चालू करता येणं हे जास्त कामाचं. बंद फाईलचा कुणाला धाक नाही, चालू फाईल कोर्टात जाऊन निकाल लागतो. अर्धवट उघडी फाईल म्हणजे बैलाची वेसण. एवढीशी दोरी, पण सबंध बैल मागे येतो.

---

माणदेशी | ४ नोव्हेंबर, ९:४१

वेसण +१. आन दोरी धरणारा बदलला तरी बैल तोच, वेसण बी तीच.

---

टेंभूचं_पाणी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिलं म्हणजे ७० हजार कोटी. हा सिंचनावरचा दहा वर्षांचा एकूण खर्च म्हणून पुढे आलेला आकडा. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन फक्त ०.१ टक्क्याने वाढल्याचं छापून आलं, त्याला हा आकडा चिकटला आणि लोकांनी त्याला घोटाळ्याची रक्कम करून टाकलं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांवरचा खर्चही त्यातलाच. आमच्या रानात पाणी आलं ते त्याच पैशातून, उशिरा का होईना. टेंडरं फुगवली नाहीत असं म्हणत नाही, पण सगळा पैसा खाल्ला असं म्हणणारा आमच्याकडे येऊन डाळिंब बघून जावा. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एसीबीने ज्या ९ प्रकरणांच्या फायली बंद केल्या, त्यांचा दादांशी संबंध नव्हता हे एसीबीनेच सांगितलं होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मी स्वतः कलम ८८ च्या नोटिशीतला आहे. गावातल्या संस्थेत मला संचालक केलं ते माझ्या समाजाचा एक हवा म्हणून. सभेला जायचो, चहा-भजी खायचो, सही करायचो. कर्ज कुणाला दिलं मला ठाऊक नव्हतं. संस्था बुडाली, वीस जणांत माझं नाव. अकरा वर्षं चाललं. सातबाऱ्यावर बोजा नोंदवला, पीककर्ज बंद. थोरलीच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडली, पाहुण्यांनी बाहेरून चौकशी केली होती. (ती चौकशी मात्र आठवड्यात पूर्ण होते!) शेवटी माझ्यावर जबाबदारी येत नाही असा निकाल लागला. कागद आहे माझ्याकडे, फ्रेम करून लावायचा राहिलाय.

चौकशी लागली म्हणजे चोर, हे डोक्यातून काढा. ज्याने खाल्लं त्याला चौकशी लांबल्याचा त्रास झाला नाही, तो त्या अकरा वर्षांत दोन निवडणुका लढला. त्रास मला झाला.

---

येरळाकाठची | ५ नोव्हेंबर, ८:३०

@टेंभूचं_पाणी, दादा, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या संस्थेतबी असा एक जण असंल. मी त्याच्या दारात दोनदा शिव्या देऊन आलो." कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

तुमच्या आकड्याच्या मुद्द्यावर वाद घालत नाही. पण आकडा चुकीचा होता की बरोबर, हे चौकशी पुरी होऊन चारचौघांत मांडल्याशिवाय कळायचं कसं? आरोप करणारेही सत्तेत जाऊन आले, ज्यांच्यावर आरोप झाले तेही, आणि आता दोघे एकाच सरकारात आहेत.

---

सज्जनगडची_पायरी | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

अशा वेळी रामशास्त्री प्रभुणे आठवतात. आपल्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा तपास केला आणि राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. असा एक जरी अधिकारी आज असता...

---

कोरेगावकर | ५ नोव्हेंबर, १२:४०

आलेच का रामशास्त्री! वाटच बघत होतो, साताऱ्याचा धागा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

आदर आहे, माहुलीला संगमावर गेलो की हात जोडतो. पण गोष्ट तिथेच का थांबवता? पुढे काय झालं? शास्त्रीबुवांनी पद सोडलं आणि वाईजवळ पांडववाडीला जाऊन बसले. प्रायश्चित्त राघोबांनी घेतलं नाही, गादीवर तेच. त्यांना हटवलं ते बारभाईंनी, आणि बारभाई उभे राहिले त्यात न्यायापेक्षा कारस्थान जास्त होतं. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटी मूल होतं म्हणून. ते झालं म्हणून शास्त्रीबुवा परत न्यायाधीश झाले. एकटा ताठ माणूस निकाल सांगू शकतो, अंमलात आणू शकत नाही. जमाखर्च काकांच्या खात्यातही एखादा रामशास्त्री असेलच, गेल्या मे महिन्यात त्याची बदली झाली असेल.

---

जमाखर्च | ५ नोव्हेंबर, १:०५

दोन होते. एक गडचिरोलीला गेला, एकाने लवकर निवृत्ती घेतली. आता आंब्याची बाग आहे, फोन उचलत नाही.

---

माहुलीचा_घाट | ५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

इतका वेळ वाचत होते. मी साताऱ्याची. डॉ. दाभोलकरांचं नाव इथे यायला हवं असं वाटलं म्हणून लिहितेय, कारण धागा पैशांच्या प्रकरणांवरच अडकलाय.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून. निकाल लागला १० मे २०२४ ला. जवळजवळ अकरा वर्षं, आणि तेसुद्धा हायकोर्ट मानेवर बसलं होतं म्हणून. तपास आधी पुणे पोलिसांकडे, मग २०१४ मध्ये हायकोर्टाने सीबीआयकडे दिला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. पण निकालपत्रात न्यायाधीशांनी जे म्हटलंय ते प्रत्येकाने वाचावं. सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, आणि हे निव्वळ अपयश होतं की सत्तेतल्या कुणाच्या प्रभावाखाली जाणूनबुजून केलेली निष्क्रियता, याचं तपास यंत्रणांनी आत्मपरीक्षण करावं, अशा अर्थाचं ते आहे. कोर्टाने प्रश्न विचारला. उत्तर द्यायचं बंधन कुणावरच नाही.

आमच्या गल्लीतली मुलं डॉक्टरांना बघत मोठी झाली. निकालाच्या दिवशी आई टीव्ही बंद करून आत गेली. एवढंच.

---

मिरज_कोर्टाबाहेर | ५ नोव्हेंबर, ११:००

ताई, योग्य आठवण केलीत.

त्याला जोडून, सांगलीकरांना २०१७ आठवत असेल. शहर पोलीस ठाण्यात कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांनीच मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला. तो पळून गेला, असा पहिला कागद पोलिसांनी केला होता. तपास सीआयडीकडे गेला तो लोक रस्त्यावर आले म्हणून. तपास कुणाकडे असावा हे लोकांनी बंद पाळून ठरवायचं, ही काही पद्धत झाली नाही. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, बदल्या मंडळाकडे द्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींना वेगळं प्राधिकरण नेमा. आपल्याकडे २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मंडळं झाली. मंडळाच्या शिफारशीवर शेवटची सही कुणाची, ते तुम्हीच ओळखा.

---

हळदीचा_भाव | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

चर्चा भारी चाललीय, पण अण्णांच्या झेरॉक्सचं काय? एवढे जाणकार जमलात, तेवढं तरी करा की.

---

जमाखर्च | ६ नोव्हेंबर, ११:४५

बरोबर. कामाचं बोलू.

अर्जच चुकतोय. अण्णा 'अहवालाची प्रत' मागतात, म्हणून 'मूळ संचिका मंत्रालयात' हे उत्तर देता येतं. पुढच्या अर्जात असं लिहा.

संचिका मंत्रालयात पाठवल्याचा जावक क्रमांक आणि दिनांक, पोच, आणि सोबत पाठवलेल्या कागदांची यादी द्यावी. संचिका पाठवताना कार्यालयात ठेवलेल्या छायाप्रतींची तपासणी करू द्यावी. मूळ संचिका बाहेर जाते तेव्हा कार्यालय स्वतःसाठी प्रत ठेवतंच, कारण उद्या हरवली तर मान त्यांची जाते. शिवाय ८८ चा आदेश संस्थेला, सर्व संचालकांना आणि अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला माणूस) असेल तर त्यालाही जातो. निबंधक कार्यालयात त्याच्या पाच-सहा प्रती सहज असतात.

दुसरा अर्ज थेट मंत्रालयात, सहकार विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. अपील क्रमांक, स्थगिती आदेशाची प्रत, आणि रोजनाम्याच्या प्रती. रोजनामा महत्त्वाचा. तारीख का पुढे गेली आणि कुणाच्या विनंतीवरून, हे तिथे लिहावंच लागतं.

---

मिरज_कोर्टाबाहेर | ६ नोव्हेंबर, १२:२०

काकांच्या अर्जाला पुरवणी. चौकशी चालू आहे म्हणून माहिती देता येत नाही असं म्हणाले, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) पुढे करतील. नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते त्यांनी दाखवायला हवं, हे दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितलंय. आणि पतसंस्थेला माहिती अधिकार लागू नाही म्हणाले, तर सुप्रीम कोर्टाचा थलप्पलम निकाल, २०१३. संस्थेला थेट लागू नसेल, पण निबंधकाला जी माहिती कायद्याने मिळवता येते ती निबंधकाकडून मागता येते.

ठेवीदारांसाठी एमपीआयडी कायदा आहे, १९९९ चा. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करता येते आणि प्रकरण विशेष कोर्टात जातं, मंत्र्यांकडे नाही. गुन्हा त्या कलमाखाली नोंदवलाय का, ते आधी बघा. अनेकदा मुद्दाम नुसत्या फसवणुकीचा नोंदवतात. (बँकेतल्या ठेवीला असतो तसा ५ लाखांचा विमा पतसंस्थेला नसतो, त्यामुळे तिकडे डोळे लावून बसू नका.)

---

टेंभूचं_पाणी | ६ नोव्हेंबर, १:००

माझ्याकडे आमच्या प्रकरणातले मंत्रालयाचे रोजनामे आहेत, अकरा वर्षांचे. ताई, नमुना म्हणून हवे असतील तर देतो. आमच्यात सतरा तारखा "मा. मंत्री महोदय दौऱ्यावर असल्याने" अशा आहेत. मोजून ठेवल्यात.

---

येरळाकाठची | ६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आज अण्णा आणि मी बसून दोन्ही अर्ज लिहिले. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, टाईप नको म्हणाले. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प घरात होतेच, नऊ वर्षांत संपतील तेवढे आणून ठेवलेत. उद्या सांगलीला निबंधक कार्यालयात देऊन पोच घेणार. तिथे निवडणुकीच्या कामात निम्मा स्टाफ असेल, ते गृहीत धरूनच निघतोय.

@जमाखर्च काका, अण्णांनी तुमच्यासाठी एक विचारायला सांगितलंय. ते रजिस्टर कुठल्या साली, कुठल्या तालुक्याचं होतं? रागावून नाही विचारत. नुसतं जाणून घ्यायचंय म्हणाले.

---

जमाखर्च | ७ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. त्यात माझा फोन नंबर आहे. अण्णांना म्हणावं, सकाळी दहानंतर केव्हाही. अर्ज द्यायला सोबत यायला सांगितलं तरी येईन, मी सांगलीतच असतो.